जळलेला नव्हे, तापलेला

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहिते. "कोळसा म्हणजे जळकं लाकूड, मग त्यात बीजाणू, म्हणजे शेवाळ-नेच्यांसारख्या वनस्पतींचे बीसारखे सूक्ष्म कण, शिल्लक कसे?" आपल्या साताऱ्यात खणलं की काळा कातळच लागतो. कोळसा माहीत तो लोणाऱ्याच्या भट्टीतला, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. तरी दर लग्नकार्यात तोच ऐकून मी थकले आहे.

दगडी कोळसा भट्टीतला नसतो. दलदलीतलं लाकूड, पाला गाळाखाली गाडला जातो आणि कोट्यवधी वर्षं दाब नि ऊब सोसतो. बीजाणूचं कवच स्पोरोपोलेनिनचं, फार चिवट. ते चपटं होतं, पण टिकतं. ऊब वाढली की त्यातला हायड्रोजन, ऑक्सिजन निघून जातो, कार्बनचं प्रमाण वाढतं आणि रंग चढतो: फिकट पिवळा, नारिंगी, तपकिरी, शेवटी काळा. कोवळ्या कोळशातला बीजाणू निळ्या प्रकाशाखाली हळदीसारखा झळाळतो. कोळसा पक्व होईल तशी झळाळी तांबूस होत विझते. तेल शोधणारे याच रंगावरून खडक किती तापला ते ठरवतात.

माझ्या बीजाणूंच्या अभ्यासाचे नमुने झारखंडमधल्या झरियाच्या कोळशाचे, २५ कोटी वर्षांहून जुने. तिथे कोळशाच्या थरात शिलारस घुसून भिंती झाल्यात. त्यांच्या लगतच्या कोळशाचा झामा, म्हणजे तापून कोकसारखा झालेला कोळसा, झालाय. कोळशातून बीजाणू सुटे करायला तो ॲसिडात ठेवतात. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी झाम्याजवळची स्लाइड पाहिली. "ॲसिडात फार वेळ ठेवून करपवलंत."

"नाही सर. नायट्रिक ॲसिड आणि पोटॅशियम क्लोरेटनं बीजाणू उजळतो, अति झालं तर विरघळतो. काळा पडतो तो तापून." त्याच थरातल्या बाकीच्या स्लाइड्स लावल्या. भिंतीपासून लांब तपकिरी, जवळ येताना गडद, मग नुसत्या काळ्या ठिकऱ्या. त्यांनी सगळ्या पाहिल्या. "बरं. यातली एखादी ठिकरी कोणत्या बीजाणूची, नाव सांगा."

मला सांगता येईना. शेरा आला: नमुने निकृष्ट.

तेव्हा मी तावातावानं म्हणायचे, रंग हीच माहिती, नाव गेलं तर जाऊ दे. आता तसं म्हणवत नाही. नावाबरोबर वनस्पती कोणती, थराचं वय काय, हेही जातं. पण ज्या ठिकऱ्या तापमान सांगतात त्या निकृष्ट कशा? हे मी आजही मानत नाही. एका ठिकरीवर बीजाणूवर असते ती तीन रेषांची त्रिशूळी खूण अर्धवट दिसते. माझी सहकारी तिला भेग म्हणते. मी नाही म्हणत.