३३ इंची टायर आणि ३.७३ चा क्राऊन-पिनियन

त्या गाडीवर लावलेला एकही पार्ट हलक्या दर्जाचा नव्हता. तरीही कंपनी-फिटिंगची साधी गाडी जिथून आरामात निघते, तिथे ती अडकत होती. काम संपून गाडी गेली, पण त्यातला एक निर्णय अजून माझ्या मनात पुरता बसलेला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गाडी टर्बो डिझेल, पाच गिअर मॅन्युअल. पुढे-मागे सॉलिड, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध अ‍ॅक्सल, चारही बाजूंना कॉईल स्प्रिंग. मूळ टायर २३५/७५ आर १५, अ‍ॅक्सलचा रेशो (क्राऊन-पिनियन या दातेरी चक्रांच्या जोडीमुळे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या लागतात तो आकडा) ३.७३. मालकाने त्यावर १०० मिलिमीटरचं लिफ्ट किट, ३३ बाय १२.५०चे मड टायर, १० इंच रुंद आणि बाहेर निघणारे रिम, आणि मागे जड वजनासाठीचे स्प्रिंग बसवून घेतले होते. रेशोला कोणी हात लावला नव्हता. तक्रारी अशा: गाडीत दम राहिला नाही, चढावर रिव्हर्स घेताना क्लच जळाल्याचा वास येतो, उतारावर ब्रेक तापतात, मायलेज पडलं, मागून घरघर येते. सगळ्यांत गंभीर म्हणजे ८०च्या आसपास रस्त्यातला एखादा जोड लागला की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना जोरात झटके देतं आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते आवरत नाही. या शेवटच्या तक्रारीवर आधीच्या गॅरेजने दुसरा स्टिअरिंग डँपर लावून दिला होता. असल्या कामाचा मला मनापासून राग येतो. डँपर थरथर लपवतो, तिचं कारण तसंच राहतं, आणि मालक बिनधास्त होऊन वेग वाढवतो.

आम्ही आधी हिशेब मांडला. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास ७३३ मिलिमीटर, ३३ इंचीचा ८३८. म्हणजे चाक १४ टक्क्यांनी मोठं झालं. ३.७३ ला १.१४३ ने भागलं की गाडीला प्रत्यक्षात मिळणारा रेशो ३.२६ येतो. पाचव्या गिअरचा रेशो ०.८ धरला तर खऱ्या ८० च्या वेगाला मूळ टायरवर इंजिन मिनिटाला साधारण १,७३० फेऱ्यांवर फिरत होतं, आता १,५१०वर. या इंजिनाचा टर्बो १,७०० च्या पुढे भरतो. म्हणजे गाडी कायम टर्बोच्या खालच्या पट्ट्यात चालत होती आणि चालक ॲक्सिलरेटर दाबून ती उणीव भरून काढायला बघत होता. इंजिनात काहीही बिघाड नव्हता.

फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यांत हळू पट्ट्यातला फरक तर आकड्यात फारच छोटा दिसतो. पहिला गिअर ३.९, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीचा) लो २.५ आणि अ‍ॅक्सल ३.७३ यांचा गुणाकार ३६.४. आयडलला, म्हणजे ८०० फेऱ्यांवर, मूळ टायरने गाडी ताशी ३.० किलोमीटरने रांगायची. ३३ वर तोच वेग ३.५ झाला. कागदावर अर्धा किलोमीटर. पण दगडाच्या पायरीवर चाक टेकवताना त्या अर्ध्या किलोमीटरनेच चालकाला क्लच अर्धवट दाबून धरावा लागतो, आणि उतरताना इंजिन ब्रेकिंग कमी पडतं म्हणून पाय ब्रेकवर जातो. क्लचचा वास आणि तापलेले ब्रेक दोन्ही इथूनच आले होते.

मायलेजच्या तक्रारीत निम्मा दोष मीटरचा होता. चाक मोठं झाल्यावर ओडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी ११४ किलोमीटर गेलेली असते. टाकी भरून मीटरवरून सरासरी काढली की ती खऱ्यापेक्षा कमीच येणार. याहून महत्त्वाचं म्हणजे काटा ७० दाखवतो तेव्हा गाडी ८० ला असते, आणि थरथर नेमकी त्याच वेगाला सुरू होत होती.

थरथरीचं मूळ शोधायला यंत्र लागत नाही. चाकं जमिनीवर, इंजिन चालू, एकाने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे झटपट हलवायचं आणि दुसऱ्याने खाली बसून पॅनहार्ड रॉडच्या, म्हणजे पुढचा आस फ्रेमखाली आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही टोकांवर नजर ठेवायची. फ्रेमकडचा १४ मिलिमीटरचा बोल्ट दीड मिलिमीटर मोठ्या झालेल्या भोकात हलताना उघड दिसला. लिफ्ट बसवताना गाडी जॅकवर लटकलेली असतानाच बुशचे बोल्ट आवळले असावेत. रबरी बुश असे आवळले की गाडी स्वतःच्या वजनावर उतरताच रबराला पीळ बसतो, रबर फाटतं, मग बोल्ट हलतो आणि भोक अंडाकृती होतं. बुशचे सगळे बोल्ट गाडी चारही चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे, हा नियम पाळायला दहा मिनिटंही जास्त लागत नाहीत. आम्ही भोकावर जाड प्लेट वेल्ड करून नव्याने ड्रिल केलं, नवा बोल्ट टॉर्क रेंचने आवळला आणि दुसरा डँपर काढून टाकला.

कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहिल्यावर स्टिअरिंगच्या आसाचा मागे असलेला कल, मोजला तर २.५ अंश. मूळ ६.५ होता. छोट्या कंट्रोल आर्मवर १०० मिलिमीटर उंची वाढवली की अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर जातो, मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. लांब आर्म लावून कॅस्टर परत मिळवता येतो, पण त्यात एक अडचण आहे जी किट विकणारे सांगत नाहीत. अ‍ॅक्सल जितका मागे फिरवाल तितकं पुढच्या पिनियनचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवरचा (वाकत्या सांध्यावरचा) कोन वाढतो. एक सुधारलं की दुसरं बिघडतं. यावर खरा उपाय एकच, उंची कमी करणे.

उंचीबद्दल मालकांची समजूत फार पक्की असते. लिफ्टने बॉडी आणि फ्रेम वर जाते, त्यामुळे पुढचा, मागचा आणि पोटाखालचा कोन सुधारतो. डिफरन्शियलच्या (दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्याच्या) खालची जागा मात्र एक मिलिमीटरही वाढत नाही, ती फक्त टायरने वाढते, तीही व्यासात झालेल्या वाढीच्या निम्मी. ही गाडी जिथे अडकायची तिथे मागचा डिफरन्शियल दगडाला टेकत होता आणि एक मागचं चाक हवेत फिरत होतं. त्या जागी लिफ्टचे १०० मिलिमीटर काहीच कामाला येत नव्हते.

चाक हवेत का जात होतं, हे वजनकाट्यावर कळलं. रिकामी गाडी मागच्या अ‍ॅक्सलवर ८९० किलो, लांबच्या प्रवासाच्या सगळ्या सामानासह १,२१०. मालकाने स्प्रिंग घेताना हे वजन कायमचं आहे असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात गाडी वर्षाचा बहुतेक काळ रिकामीच. जड स्प्रिंग ४५ न्यूटन प्रति मिलिमीटरचे होते, मूळ २८ चे. ३२० किलो जादा म्हणजे प्रत्येक स्प्रिंगवर १६० किलो, सुमारे १,५७० न्यूटन. २८ वर गाडी ५६ मिलिमीटर बसते, ४५ वर ३५ मिलिमीटर, आणि मधल्या ३५ न्यूटनच्या स्प्रिंगवर ४५ मिलिमीटर. रिकाम्या गाडीला ४५ चा स्प्रिंग दबतच नाही. मग उंचसखल जागी एका बाजूचं चाक वर चढलं की दुसऱ्या बाजूचं खाली पोचत नाही. आम्ही फोर्कलिफ्टने एक मागचं चाक उचलत नेलं. ४५ वर दुसरं चाक ३८० मिलिमीटरला जमीन सोडत होतं, ३५ वर ४९०. मागे ३५ चे स्प्रिंग पक्के केले आणि सामानाच्या दिवसांसाठी स्प्रिंगच्या आत हवेच्या पिशव्या बसवल्या. खडकाळ भागात उतरण्याआधी त्या पिशव्यांमधली हवा किमान पातळीवर आणायची, नाहीतर चाक लटकताना त्या ताणून फाटतात.

टायरच्या बाबतीत मालक ठाम होता, ३३ च ठेवायचे. त्याचं म्हणणं समजण्यासारखं होतं, टायर नवे होते. मी मांडलेला दुसरा पर्याय ३१ बाय १०.५०, ५० मिलिमीटर लिफ्ट आणि ४.१० रेशो असा होता. ३१ आणि ३३ मध्ये डिफरन्शियलखाली फरक पडतो फक्त २५ मिलिमीटरचा. चाकाच्या वजनात मात्र खूप पडतो. रिमसकट त्याचं एक चाक ४१ किलो भरलं, मूळ चाक २४. वाढलेले १७ किलो स्प्रिंगच्या खाली लटकतात. बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग आणि शॉकअप यांनाच ते झेलावे लागतात. पाचवं चाक मागच्या दारावर, म्हणजे बिजागऱ्याही आल्या. आणि स्पेअर वेगळ्या मापाचा ठेवून चालत नाही, वेगळ्या व्यासाच्या चाकावर डिफरन्शियल सतत फिरत राहतो आणि फोर-व्हीलमध्ये ट्रान्सफर केस ताणला जातो.

शेवटी ३३ राहिले, लिफ्ट १०० वरून ६० वर आलं. रिम ८.५ इंचाचे, कमी बाहेर निघणारे घेतले. १२.५० च्या टायरला एवढी रुंदी चालते, आणि कमी हवेत टायरचा काठ रुंद रिमपेक्षा अरुंद रिमवर जास्त घट्ट राहतो. कडेचा फेंडर थोडा कापला. मग स्प्रिंग काढून, एक बाजू जॅकने पूर्ण दाबून आणि दुसरी लटकवून, स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवून बंप स्टॉपची (चाक किती वर येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या अडथळ्याची) लांबी ठरवली. शॉकअप सगळ्यांत शेवटी घेतले. पूर्ण दाबल्यावर त्यांच्यात २० मिलिमीटर शिल्लक राहायला हवेत, आणि पूर्ण लटकताना ब्रेकचा होज ताणला जाता कामा नये. पुष्कळ लोक शॉकअप आधी विकत घेतात आणि बाकी गाडी त्यांना जुळवत बसतात. मागच्या शाफ्टची घरघर दुहेरी क्रॉसचा शाफ्ट लावून आणि पिनियनचं तोंड ट्रान्सफर केसकडे, एक-दोन अंश खाली ठेवून गेली.

आता रेशो. ३.७३ ला १.१४३ ने गुणलं की ४.२६ येतं, आणि बाजारात ४.२६ नाही. ४.१० किंवा ४.५६. या डिफरन्शियलमध्ये तिन्ही जोड्यांच्या क्राऊनला ४१ दात आहेत, पिनियनला अनुक्रमे ११, १० आणि ९. पिनियनचे दात कमी म्हणजे त्याचं डोकं लहान, आणि ताकदही कमी. माझ्या सहकाऱ्याचं मत ४.१० होतं: हायवेवर १०० ला २,०८० फेऱ्या, पिनियन दणकट. मी ४.५६ वर ठाम राहिलो: १०० ला २,३१०, पण ८० ला १,८५०, म्हणजे टर्बो कायम भरलेला, आणि फोर-लो मधलं रांगणं ताशी २.८ किलोमीटर. जड चाक फिरवायला नुसत्या व्यासाच्या हिशेबापेक्षा जास्त जोर लागतो, हा माझा मुद्दा होता. सहकारी म्हणाला, "तुम्ही चाकाच्या वजनाचं औषध पिनियनला पाजताय." या वाक्याला माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही.

जोडणीत मी घाई करू देत नाही. पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा, हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं. पिनियनमागचा शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) जुन्या मापाने सुरू केला, दातांना मार्किंग पेस्ट लावून फिरवलं तर नक्षी दाताच्या माथ्याकडे आली. याचा अर्थ पिनियन क्राऊनपासून दूर आहे. या हौसिंगमध्ये शिम आतल्या बेअरिंगमागे असतो, म्हणून ०.१० मिलिमीटर वाढवला आणि नक्षी मध्यावर आली. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, ०.१८ मिलिमीटर, क्राऊनवर चार ठिकाणी मोजून. क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगांमधली चेपणारी नळी) नवीच घालायची, आणि प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा दाब, जास्त झाला तर नट सैल करून काम भागत नाही. स्लीव्ह एकदा चेपली की चेपली, ती टाकून दुसरी घ्यायची. नट सैल करून गाडी देणारे पाहिले आहेत. त्या पिनियनचं बेअरिंग पुढे ओरडतंच.

जोडणी झाल्यावर ३० किलोमीटर हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्यायची, पहिले ८०० किलोमीटर ओढकाम नाही, मग ऑईल बदल. गाडी ऑईलला आली तेव्हा चुंबकी प्लगवर करड्या रंगाची बारीक पेस्ट होती, कण नव्हते. बॅकलॅश तेवढाच. कॅस्टर ५.५ अंशांवर स्थिर, ८० ला स्टिअरिंग शांत. रस्त्यासाठी हवा २८ पीएसआय ठरली, ट्रेडवर आडवी खडूची रेघ मारून सरळ रस्त्यावर चालवून. रेघ मध्येच पुसली गेली तर हवा जास्त, कडांना पुसली गेली तर कमी. दगडगोट्यांवर १८, वाळूत १५, आणि बीडलॉकशिवाय (टायरचा काठ रिमला आवळून धरणाऱ्या कड्याशिवाय) १२ च्या खाली कधीच नाही. ओल्या डांबरावर मात्र या मड टायरची पकड कमीच राहणार. मोठे ठोकळे, रुंद खाचा आणि बारीक चिरा नाहीत, ते गाळासाठी बनलेत. मालकाला पावसात अंतर वाढवायला सांगितलं आहे.

एक गोष्ट बाकी आहे. ब्रेक डिस्क आणि कॅलिपर मूळचेच आहेत. चाकाची त्रिज्या वाढली की तोच ब्रेक जमिनीवर साडेबारा टक्के कमी जोर देतो, वर फिरणारं वजनही वाढलेलं. जास्त पकडीचे पॅड लावले, तेवढ्याने ही तूट भरत नाही. मोठ्या डिस्क आणि कॅलिपरचं काम मालकाने पुढे ढकललं आहे. जॉब कार्डवर ते लाल अक्षरात लिहून खाली त्याची सही घेतली आहे, आणि ते होईपर्यंत छतावर सामान चढवायचं नाही, हेही त्यातच लिहिलं आहे.