शून्य किलो आंबा

मे संपत आला की देवगडात पेटीचा आंबा मागे पडतो आणि कॅनिंगचा, म्हणजे डबाबंद करायला जाणारा, सुरू होतो. पेटी डझनावर जाते, कॅनिंग किलोवर. क्रेट उतरवायचे, काट्यावर चढवायचे, पावती घ्यायची. पाऊस तोंडावर असल्यामुळे सगळ्यांचीच घाई. अशाच एका संध्याकाळी एक आजोबा पावती घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"बाय, माजो आंबो खंय गेलो?"

पावतीवर २४ क्रेट होते. वजन ०.० किलो, रक्कम ० रुपये.

पावत्या करणारा प्रोग्राम माझाच होता. काट्याजवळच्या टॅबवरून नोंद जेसनमध्ये (JSON, फील्डचं नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांत लिहिलेला मजकूर) सर्व्हरवर यायची आणि जावा या प्रोग्रामिंग भाषेतली जीसॉन (Gson) लायब्ररी तिच्यातून 'आवक' क्लासचं ऑब्जेक्ट, म्हणजे माझ्या साच्यात भरलेली नोंद, बनवायची. लॉग पाहिला, तर एकही एरर नाही. आजोबांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि टॅबवरून आलेला मूळ मजकूर उघडला. नाव होतं, तारीख होती, क्रेट होते. वजनाचं फील्डच नव्हतं. काट्याची वायर सैल झाली होती. आकडा मिळाला नाही म्हणून टॅबने ते फील्ड पाठवलंच नव्हतं.

म्हणजे टॅबचं बरोबर होतं. चुकीचा आकडा जन्मला तो माझ्या क्लासमध्ये. वजन मी साधं 'डबल' (double, दशांश संख्येचा टाइप) ठेवलं होतं, आणि जावातला हा प्रिमिटिव्ह, म्हणजे मूलभूत, टाइप रिकामा राहूच शकत नाही. फील्ड आलं नाही तर जीसॉन त्याला हात लावत नाही, आणि हात न लागलेला डबल म्हणजे ०.०. नल (null, म्हणजे 'किंमतच नाही') आलं असतं तरी तेच झालं असतं. 'मोजलंच नाही' आणि 'मोजलं, शून्य भरलं' यांतला फरक जेसनमध्ये शाबूत होता, माझ्या टाइपने तो पुसून टाकला. टाइप दिला की डेटा तपासला गेला, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. वर्षभराच्या राखणीचा माल घेऊन आलेल्या माणसासमोर बसून ते कळलं, तेव्हा फार वाईट वाटलं.

मुकादमाने वजनं वहीतही पेनाने लिहून ठेवली होती, हे आमचं नशीब. आजोबांचे ४८६ किलो निघाले. तशा आणखी ६ पावत्या सापडल्या. त्या बागायतदारांना मी स्वतः फोन केले.

रात्री 'आवक' क्लासचा रेकॉर्ड (record, जावातला नुसता डेटा ठेवायचा खास क्लास) केला. वजनाला मोठ्या डीचा 'डबल' (Double) दिला, तो रिकामा राहू शकतो, म्हणजे न आलेलं वजन नल राहतं. नल किंवा शून्य दिसलं की कन्स्ट्रक्टरच (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड) ऑब्जेक्ट बनवायला नकार देईल, अशी तपासणी घातली. ही तपासणी साध्या क्लासमध्ये ठेवून भागलं नसतं: विनापॅरामीटर, म्हणजे बाहेरून काहीच न मागणारा, कन्स्ट्रक्टर नसेल, तर जीसॉन बाकीचे कन्स्ट्रक्टर ओलांडून ऑब्जेक्ट उभं करते. रेकॉर्डचा कन्स्ट्रक्टर मात्र ती २.१० आवृत्तीपासून खरोखर चालवते. मग टॅबला स्पष्ट निरोप परत जाईल एवढी सोय केली.

सकाळी पहिल्याच गाडीला टॅबवर लाल अक्षरं आली: 'वजन मिळालं नाही.' काट्यावरचा पोरगा खाली वाकला, वायर घट्ट बसवली आणि क्रेट पुन्हा चढवले.