गोल टोकांचा ठळक देवनागरी फॉन्ट: शिरोरेषा मार्गी लागली

व्यंजनं जवळपास हातावेगळी झाली. अक्षराची चौकट 1000 युनिटांची (युनिट म्हणजे फॉन्ट आखायचं माप), काना 170 जाड, शिरोरेषा 150. आडवी रेघ उभीइतकीच ठेवली तर डोळ्याला ती जास्त जाड दिसते, म्हणून हा फरक. त्यामुळे ‘ठ’चं बाहेरचं वर्तुळ कंपासने काढल्यासारखं असलं, तरी आतलं पांढरं, म्हणजे मोकळी जागा, उभट अंडाकृती आहे, आणि तसंच ते गोल वाटतं. पॉल रेनरच्या 1927च्या फ्यूचुरा या भौमितिक रोमन फॉन्टमध्येही वाटोळा भाग दांड्याला मिळतो तिथे रेघ बारीक होते. भौमितिक फॉन्टमध्ये शेवटचा शब्द डोळ्याचाच, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही.

सगळ्यात जास्त वेळ घेतला शिरोरेषेने. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेची टोकं गोल केली, की ‘कमळ’मध्ये दोन्ही सांध्यांवर वरून-खालून खाचा पडतात. म्हणून मूळ ग्लिफांची (ग्लिफ म्हणजे फॉन्टमधली अक्षराची एक आकृती) टोकं सपाट ठेवून दोन्ही बाजूंना 20 युनिटं बाहेर काढली आहेत. शेजारची अक्षरं एकमेकांवर चढतात आणि रेघ सलग होते. गोल टोक फक्त शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी, पर्यायी ग्लिफातून, शेजारची अक्षरं बघून आकृती बदलणाऱ्या ओपनटाइप (फॉन्टचा प्रचलित फाइल-प्रकार) नियमाने. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ‘किती’त टंकताना ‘क’ आधी येतो, पण मांडणीत पहिली असते वेलांटी, म्हणून गोल टोक वेलांटीला हवं. आणि ‘केळं’सारख्या शब्दात मात्रा-अनुस्वार ओलांडून नियमाला मूळ अक्षरापर्यंत पोचता आलं पाहिजे. आता दोन्ही चोख चालतंय, आणि मोठ्या आकारात शब्दाची ती गुबगुबीत टोकं बघताना फार समाधान वाटतं.

‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ 120वर आणली; त्याहून जाड केली की पांढरं गुदमरतं. ‘क्ष’ची गाठ सरळ भरीव ठेवली, कारण त्यातलं बारीक छिद्र लहान आकारात डागासारखं दिसतं. मराठीसाठी देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ झाले.

वापरणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती: या फॉन्टमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवू नका. रोमन मथळ्यांना ते शोभतं. इथे शिरोरेषा तुटते आणि आतली सपाट टोकं उघडी पडतात. दोन ओळींचा मथळा असेल तर ओळींमध्ये मात्र सढळ जागा सोडा, नाहीतर वरचे उकार खालच्या रफारावर आदळतात. मथळे, पाट्या, मुखपृष्ठं यांसाठी हा फॉन्ट आहे. परिच्छेद यात लावू नयेत.

पुढे ‘द’ची जोडाक्षरं. सुरुवात ‘द्ध’पासून करतोय, कारण पांढऱ्याला सगळ्यात कमी जागा तिथेच आहे, ते 120च्या रेघेत बसलं तर ‘द्व’ आणि ‘द्भ’ला तेच माप लावता येईल.