सुईला हात लावू नका

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असं मुख्याध्यापकांचं पत्र आलं आणि त्याच रात्री लिहायला बसलो. गॅदरिंग, सहली, स्नेहसंमेलनातलं नाटक, सगळं आठवून पाहिलं. पण कागदावर उतरताहेत ते फक्त विमानवाले सर. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. सरांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रंगमंचामागची ती खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते सांगायला नको, आणि सरांनाही आपलं नाव छापून आलेलं कधी आवडलं नाही.

एनसीसीच्या एअर विंगमध्ये आम्ही बरेचसे गणवेशाच्या हौसेपायी गेलो होतो. सरांनी आमच्या हातात बाल्सा लाकडाच्या पट्ट्या आणि पॉलिश पेपर दिला. शनिवारी शाळा सुटली की खोलीत एरंडेलाचा वास भरायचा. विमानाच्या मॉडेलच्या छोट्या ग्लो इंजिनाला ऐंशी टक्के मिथेनॉल आणि वीस टक्के एरंडेल असं इंधन लागतं. मिथेनॉल विषारी, म्हणून त्याचा डबा कुलपात आणि किल्ली सरांच्या खिशात. मिश्रण ते स्वतःच करायचे.

शाळेकडे एक जुनं जपानी इंजिन होतं, अडीच सी.सी.चं. हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी ते भेट दिलं होतं. आंतरशालेय स्पर्धा तोंडावर आली आणि ते इंजिन रुसलं. सुरू व्हायचं, घोगरं चालायचं, मग एकाएकी आवाज वर चढायचा, किंचाळायचं आणि बंद पडायचं. दोऱ्यांवर फिरणारं विमान असं मध्येच गप्प झालं की दोऱ्या सैल पडतात आणि ते जमिनीवर आपटतं. आमच्यातले मोठे कॅडेट नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारी सुई, फिरवून फिरवून थकले. अर्धा आटा उघडला की धूर ओकायचं, पाव आटा बंद केला की पुन्हा तेच किंचाळणं.

सर आले, इंजिन हातात घेतलं आणि म्हणाले, "सुईला हात लावू नका. सुई तिचं काम करतेय."

मग त्यांनी जे केलं ते आजही डोळ्यांपुढे आहे. ग्लो प्लगची, म्हणजे तापून इंधन पेटवणाऱ्या तारेची, बॅटरी काढली. कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणारा भाग, दोन बोटांत धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवला. तो हलत होता, जेमतेम केसभर. आमच्या कुणाच्याच लक्षात ते आलं नव्हतं. कार्ब्युरेटर जिथे क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचात, बसतो, त्या सांध्यावर त्यांनी इंधनाचा एक थेंब ठेवला, वरच्या तोंडावर अंगठा दाबला आणि पंखा हाताने सावकाश फिरवला. थेंब सर्रकन आत ओढला गेला. "हवा कुठून येते ते पाहिलंत? कुकरची रिंग सैल असली तर शिट्टी होते का?"

फळ्यावर त्यांनी व्हेंच्युरी काढली. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि त्या दाबाने इंधन सुईतून वर खेचलं जातं. आता खालच्या फटीतून फुकटची हवा आत शिरली तर गळ्यातली ओढ कमी होणार, इंधन कमी येणार, मिश्रण पातळ होणार आणि इंजिन तापून बंद पडणार. इंजिनाच्या हादऱ्यांनी फट क्षणोक्षणी बदलते, म्हणून सुई कुठेच ठरत नाही. नववीच्या पुस्तकात दाब होता, पण मला दाब कळला तो त्या फळ्यापाशी.

दुरुस्ती सरांनी आमच्याकडूनच करून घेतली. कार्ब्युरेटरच्या मानेवरच्या खाचेत बसणारा आडवा बोल्ट काढला. आतली ओ-रिंग, हवा अडवणारी रबरी कडी, कडक होऊन चपटी झाली होती, नखाने दाबली तर तुटली. सर त्याच संध्याकाळी सायकलवरून नाना पेठेत गेले आणि स्पेअर पार्टच्या दुकानातून मापाची ओ-रिंग स्वतःच्या पैशाने घेऊन आले. बैठक स्पिरिटने पुसली, रिंगेला एरंडेलाचं बोट लावलं. कार्ब्युरेटर अंगठ्याने खाली दाबून धरायचा, रिंग चेपली गेली पाहिजे, आणि तसाच धरून नट आवळायचा. "बस. अॅल्युमिनियम आहे, पाना पिळू नका. आटे गेले की इंजिन गेलं."

त्यानंतर ते इंजिन एकसुरात गायलं. स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला, पण तो माझ्या लेखी गौण आहे.

राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनाला आजच्यासारखा कार्ब्युरेटरच नव्हता, पेट्रोल गरम पृष्ठभागावर पडून त्याची वाफ व्हायची, आणि ते बारा अश्वशक्तीचं इंजिन चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने बांधलं, हे सर फार अभिमानाने सांगत. हा मेकॅनिक त्यांना राइट बंधूंइतकाच मोठा वाटायचा.

आज मी चाकणला दुचाकी इंजिनांच्या चाचणी विभागाचा प्रमुख आहे. २०२० मध्ये बीएस-सिक्स हे धुराच्या प्रदूषणाचं कडक मानक आलं आणि दुचाकीतला कार्ब्युरेटर जवळपास गेलाच, फ्युएल इंजेक्शन आलं. पण इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीच्या, सांध्यातून हवा चोरून शिरते ती तशीच. नवी इंजिनिअर मुलं लगेच लॅपटॉप उघडून मॅपिंग, म्हणजे इंधनाचे आकडे, बदलायला बसतात. मी त्यांना आधी सांधा तपासायला सांगतो. माझ्या विभागाने यंदा कंपनीचा गुणवत्ता पुरस्कार मिळवला, त्याचं श्रेय मी भाषणात सरांना दिलं. सर ते ऐकायला नव्हते, याची खंत मोठी आहे.

गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. ती खोली आता संगणक कक्ष झाली आहे. मुलं तयार ड्रोन उडवतात, छान उडवतात. पण बिघडला की तो खोक्यात घालून परत पाठवायचा, हे पाहून वाईट वाटलं. उघडून पाहणं कुणी शिकवतच नाही.

ते जपानी इंजिन भांडारात कुठे असेल तर मुख्याध्यापकांनी कृपया शोधावं. ओ-रिंगा आणि ग्लो प्लग मी देतो. सरांच्या नावाने शनिवारचा तो तास पुन्हा सुरू झाला तर शिकवायला मी येईन, आमच्या बॅचचे आणखी दोघे-तिघे यायला तयार आहेत. मिथेनॉलच्या कुलपाची किल्ली मात्र शिक्षकांकडेच राहू द्यावी.