आमची वाटचाल : १४५चा आकडा आणि एक चुकीचं बटण

आठवीच्या नागरिकशास्त्रात संसदही येते आणि राज्यशासनही. शाळांसाठी केलेले आमचे दोन्ही ऑनलाइन खेळ, एक संसदेचा आणि एक विधानसभेचा, त्याच धड्यांवर उभे आहेत. सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाडी रुतली ती २०२० साली.

ब्राउझरमध्ये खेळ चालवणारं फ्लॅश हे सॉफ्टवेअर ३१ डिसेंबर २०२०ला बंद होणार, हे ते बनवणाऱ्या ॲडोबीनं २०१७मध्येच सांगून ठेवलं होतं. आमचा सगळा माल फ्लॅशमध्ये, आणि आम्ही ‘बघू’ म्हणत बसलो. खेळ एचटीएमएल ५मध्ये, म्हणजे ब्राउझरला थेट कळणाऱ्या भाषेत, उतरवायला घेतले तेव्हा घोळ कळला. फ्लॅशच्या जुन्या मजकूर-चौकटीत जोडाक्षरं तुटायची, म्हणून खेळातली सगळी कार्डं जुन्या बिगर-युनिकोड (आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात न बसणाऱ्या) फाँटात टाइप केलेली. त्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी पडते आणि रफार नंतर. साध्या कन्व्हर्टरमधून काढलं की ‘विधेयक’चं ‘िवधेयक’, ‘कार्यकारी’चं ‘कायर्कारी’. सुमारे नऊशे कार्डं डोळ्यांखालून घातली. जिथे अक्षरांची नुसती चित्रं करून टाकली होती तिथे परत टायपिंग. तेवढे महिने नवी ऑर्डर शून्य, पगार अर्धे.

आकड्यांचा घोळ त्याच वर्षी. जानेवारी २०२०मध्ये अँग्लो-इंडियन सदस्यांची नियुक्ती बंद झाली. लोकसभा ५४५ची ५४३ झाली आणि बहुमत २७३वरून २७२वर आलं. महाराष्ट्राची विधानसभा २८९ची २८८ झाली, पण बहुमत १४५च राहिलं! त्यामुळे विधानसभेच्या खेळातली चूक बरेच दिवस दिसलीच नाही. दोन-तृतीयांशाच्या फेरीत खेळ १९२ऐवजी १९३ मागायला लागला, तेव्हा उजेड पडला. सदस्यसंख्येचा जुना आकडा कोडमध्ये चौदा ठिकाणी लिहिलेला होता.

आम्ही असे अडकलेलो असताना एक मोठी कंपनी उतरली. चकचकीत चित्रं, वर्षभर फुकट. आमच्या शाळा एकेक करून तिकडे गेल्या. त्यांच्या खेळात राष्ट्रपती विधेयक नाकारतात आणि संसद दोन-तृतीयांश मतांनी तो नकार मोडते, त्यासाठी वेगळं लाल बटण. ही रीत अमेरिकेची! आपल्याकडे घटनेच्या कलम १११प्रमाणे विधेयक फेरविचारासाठी परत आलं आणि संसदेनं साध्या बहुमतानं का होईना पुन्हा मंजूर केलं, की राष्ट्रपतींना संमती रोखता येत नाही. धनविधेयक तर परत पाठवताच येत नाही. त्यांच्या खेळात राज्यातही दोन्ही सभागृहांची ‘संयुक्त बैठक’ बोलावता यायची. राज्यात ती तरतूदच नाही. विधानपरिषद साधं विधेयक पहिल्या खेपेला तीन महिने, दुसऱ्या खेपेला एक महिना अडवते, पुढे विधानसभेचंच चालतं. हे सगळं आम्ही शाळांना लिहून कळवलं. एकीनेही उत्तर दिलं नाही. चित्रं छान होती ना.

टिकल्या त्या आमच्या पहिल्या गिऱ्हाईक, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई. पहिल्याच तासानंतर त्यांचा फोन आला होता : “पोरं प्रत्येक मतदानाला १४५ शोधतायत.” चूक आमची होती. साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत लागतं. २००जणांनी मत दिलं तर १०१ पुरे. तेव्हापासून प्रत्येक फेरीत आधी हजेरीचा फासा पडतो. मग गणपूर्ती, म्हणजे एक-दशांश, २९. त्याखाली हजेरी गेली की सभागृह तहकूब. मतदान त्यानंतर. अध्यक्षांचं कार्ड समसमान मतं झाल्याशिवाय उघडतच नाही. एका फोनवर चार मुलं बसवा, पाचवं नुसतं बघत बसतं, हेही बाईंचंच.

या धंद्यात येणाऱ्यांना, कुणी विचारलं नाही तरी, सांगतो. सदस्यसंख्या, मुदती, कलमं वेगळ्या तक्त्यात ठेवा, कोडनं तिथूनच वाचावं. दोन-तृतीयांश आला की कशाचे ते लिहा : घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश, शिवाय एकूण सदस्यसंख्येचं बहुमत. नेटशिवाय चालणारा खेळ असेल तर तक्ता बदलताना आवृत्तीचा क्रमांकही बदला, नाहीतर ब्राउझर साठवलेली जुनी प्रतच दाखवत राहतो. शाळेच्या फोनवर ५४५ दिसला की शिक्षक तुम्हालाच धरतात.

महिला आरक्षणाची, म्हणजे २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीची, ओळ आमच्या तक्त्यात भरून ठेवली आहे, पण बंद. आधी जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना, मगच आरक्षण, ही अट त्या दुरुस्तीतच आहे. बाई दर जूनला विचारतात, उघडली का.