पत्त्याची तिसरी ओळ

फोंड्यातील त्या दुकानाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ग्राहकाच्या पत्त्यासाठी तीन ओळी होत्या, प्रत्येकी तीस अक्षरांच्या. पहिल्या ओळीत घर क्रमांक आणि वाडा, दुसरीत गाव आणि तालुका. तिसऱ्या ओळीत काय आहे हे दुकानात एकाच व्यक्तीला नीट ठाऊक होते, आणि नवी प्रणाली घेण्याच्या बैठकीला तिला बोलावलेच नव्हते. अशा बैठकांना ती प्रणाली रोज वापरणारी माणसे सहसा नसतातच. मालक असतात, सनदी लेखापाल असतात, विक्रेत्या कंपनीचा एक चुणचुणीत तरुण असतो, आणि तो "डेटा काय, दोन दिवसांत येतो" असे सांगून चहा संपवतो. त्यानंतरचे सगळे आमच्यासारख्यांच्या वाट्याला येते.

मी पणजीतील एका लहान संस्थेत डेटा मायग्रेशनचे काम करते. म्हणजे जुन्या प्रणालीतील ग्राहक, त्यांची येणी-देणी आणि व्यवहार उचलून नव्या प्रणालीत नेते. हे दुकान पंप, मोटारी आणि पाइप यांचे, आणि खाणींच्या भरभराटीच्या काळापासून ट्रकच्या बॅटऱ्यांचेही. सावई-वेरे, केरी, प्रियोळ या भागांतील कुळागरवाले, म्हणजे सुपारीच्या बागांचे मालक, आणि उसगाव-धारबांदोड्याकडील ट्रकमालक हे त्यांचे उधारीचे ग्राहक. हिशेबाचा प्रोग्रॅम फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस-प्रणालीत लिहिलेला होता. तो लिहिणारा स्थानिक प्रोग्रॅमर केव्हाच परदेशी गेला होता, फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये आली आणि तिला मिळणारा आधारही जानेवारी २०१५ मध्ये संपला. तरी दुकानाच्या मागच्या खोलीतील संगणकावर तो प्रोग्रॅम रोज सकाळी निमूटपणे उघडत होता. मालकांच्या मुलाला मात्र ग्राहकाची येणे बाकी विक्रेत्या मुलांच्या मोबाइलवर दिसायला हवी होती आणि दर महिन्याला खाते-उतारा ग्राहकाच्या मोबाइलवर आपोआप जायला हवा होता. मागणी रास्त होती.

अशा कामात बाहेरच्यांना न दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. फॉक्सप्रोच्या फायलीत पुसलेली नोंद खरोखर पुसली जात नाही. नोंदीच्या पहिल्या जागी एक तारका उमटते, आणि 'पॅक'ची आज्ञा देईपर्यंत ती नोंद फायलीत तशीच पडून राहते. जुना प्रोग्रॅम अशा नोंदींकडे काणाडोळा करतो, पण फाइल बाहेरून वाचणारे साधन तसे सांगितले नसेल तर त्यांनाही जिवंत धरते. येथे 'पॅक' कोणी कधी केलेच नव्हते. त्यामुळे पहिल्या वाचनात येण्यांची एकूण बेरीज जुन्या अहवालापेक्षा बरीच जास्त निघाली, आणि ताळा जुळल्याखेरीज पुढे जायचे नाही हा आमचा नियम असल्यामुळे फरकाची प्रत्येक रक्कम कोणत्या तारकेखाली दडली आहे ते शोधून काढले. सहा आकडी दूरध्वनी क्रमांक, जे पुढे २ लागून सात आकडी झाले, ते वेगळे काढले. मोले, कुळे, साकोर्डा ही गावे २०११ पासून सांगे तालुक्यात नसून धारबांदोडा तालुक्यात आहेत, तेही दुरुस्त केले. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, गोव्याचा असेल तर ३० ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरे पॅन असतात आणि शेवटचे अक्षर पडताळणीचे असते. या साध्या तपासणीतच कितीतरी क्रमांक गळाले, कारण काहींच्या जागी अजून व्हॅटच्या काळातील अकरा आकडी टिन, म्हणजे करदात्याचा जुना क्रमांक, बसलेला होता.

मला अभिमान वाटतो तो नावे जुळवण्याच्या कामाचा. एकाच माणसाची दोन खाती शोधण्यासाठी नव्या प्रणालीत साउंडेक्स ही पद्धत होती. तिचे पहिले पेटंट अमेरिकेत १९१८ मध्ये घेतले गेले. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे आणि पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, एवढीच तिची युक्ती. गोव्यात ती पहिल्याच पावलाला अडखळते. एकाच घरातील मोठा भाऊ शिरोडकर हे आडनाव पोर्तुगीज वळणाने 'एक्स'पासून लिहितो, धाकटा 'एस'पासून. पहिल्याचा संकेत एक्स-६३२ निघतो आणि दुसऱ्याचा एस-६३२. आकडे तंतोतंत तेच, तरी प्रणालीच्या लेखी ही दोन नावे एकमेकांच्या जवळपासही नाहीत. कामत आणि कामोटी यांचेही तसेच, एक 'के'चा आणि एक 'सी'चा. म्हणून मी आधी पोर्तुगीज वळणाची अक्षरे एकसारखी करणारे कोष्टक तयार केले, त्यात गावांचीही रूपे घातली, आणि मगच जुळवणी चालवली. ते कोष्टक आता आमच्याकडे गोव्यातील प्रत्येक ग्राहकासाठी वापरले जाते. ज्या कंपन्या 'भारतीय बाजारपेठेसाठी खास' अशी जाहिरात करतात, त्यांनी आपल्या नमुना-डेटात शर्मा आणि गुप्ता यांच्या पलीकडचे एखादे आडनाव एकदा तरी घालून पाहावे.

अशा रीतीने सर्व तयारी झाल्यावर चाचणी-फेरी घेतली. चाचणीत ग्राहक नव्या प्रणालीत चढवायचे आणि काही खात्यांचे उतारे छापून जुन्या उताऱ्यांशी ताडून पाहायचे असतात. गल्ल्याजवळच्या प्रिंटरमधून पहिले पान निघाले ते मुलाने उचलले, ग्राहकाचे नाव, वाडा, गाव असे मोठ्याने वाचत गेला आणि थांबला. गावाखाली, पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत, रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांत छापले होते: "काजू नंतर. आधी मागू नये." दुसऱ्या पानावर तिसरी ओळ होती, "पूत बोटीर. चवथीक येता." तिसऱ्यावर, "खाण सुरू झाल्यावर." चौथ्यावर नुसते "देवळाजवळ", कारण काही वर्षे दुसराच कोणी नोंदी करत होता आणि त्याने तिसरी ओळ पत्त्यासाठीच वापरली होती. म्हणूनच आमच्या आधीच्या छाननीत ती ओळ कुठे भरलेली, कुठे रिकामी, कुठे तुटक अशी कोणत्याही पत्त्यासारखी दिसली होती.

हिशेबनीस बाई मागच्या खोलीतून आल्या, मुलाच्या हातातील पाने त्यांनी काढून घेतली आणि घडी करून पदराआड धरली. नव्वदच्या दशकापासून त्या या दुकानात आहेत. जुन्या प्रोग्रॅममध्ये शेऱ्यासाठी जागाच नव्हती. तेव्हा त्या प्रोग्रॅमरला सांगून त्यांनी छापील बिलातून आणि उताऱ्यातून तिसरी ओळ वगळून घेतली होती आणि पडद्यावर ती आपल्यापुरती वापरत आल्या होत्या. छपाईच्या फायलीत ती ओळ का वगळली आहे याबद्दल प्रोग्रॅमरने एक अक्षरही लिहून ठेवलेले नव्हते. प्रोग्रॅमर लोकांची ही खोड जुनी आहे आणि अजून गेलेली नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी मला शेजारी बसवून त्या नोंदी वाचून दाखवल्या. कुळागरवाल्याकडे सुपारी विकली जाण्याआधी पैसे मागायचे नाहीत. काजूवाल्याकडे मेनंतर. ज्याचा मुलगा बोटीवर आहे त्याच्याकडे मुलगा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सुट्टीवर आल्यावर. "खाण सुरू झाल्यावर" ही ओळ उसगावपासून पुढच्या खात्यांत पुन्हा पुन्हा येत होती. त्यातल्या बहुतेक खात्यांचे शेवटचे बिल २०१२ चे, म्हणजे खाणी पहिल्यांदा बंद पडल्या त्या वर्षाचे. काहींनी पुन्हा सुरुवात केली होती, तर ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि ती खातीही तिथेच थांबली. नव्या प्रणालीच्या हिशेबाने हे सर्व 'बुडीत, वसुली अशक्य' या रकान्यात जाणारे लोक. बाईंच्या हिशेबाने ते थांबलेले लोक होते, आणि त्यांच्यापैकी कोण थोडे थोडे आणून देतो हे त्यांनी मला खात्यांवर बोट ठेवून दाखवले. जमेच्या बाजूला खरोखरच पाचशे, हजार अशा नोंदी होत्या.

माझी अपेक्षा होती की मुलगा हे सगळे काढून टाका म्हणेल. झाले उलटेच. रात्रभर विचार करून तो म्हणाला, "मॅडम, हे सोने आहे. पोरांच्या मोबाइलवर ग्राहक उघडला की वरच दिसले पाहिजे." आणि ज्यांनी त्या ओळी इतकी वर्षे जपल्या त्या बाई म्हणाल्या, "मग पुसून टाक गो बाय. मी हे कोणाला वाचायला लिहिले नव्हते. मालक विचारतात, याच्याकडे का मागितले नाही, तेव्हा मला उत्तर देता यावे म्हणून लिहिले." मुलाचे म्हणणे, माहिती दुकानाची आहे. बाईंचे म्हणणे, लोकांनी ती दुकानाला सांगितलेली नाही, मला सांगितली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहिती ज्याच्याविषयी आहे त्या माणसाचा अधिकार मानला आहे: ती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी, आणि त्याने मागितली तर त्याला सांगावी. त्या माणसाचे नाव आमच्या तिघांच्या वादात एकदाही निघाले नव्हते. मी ते काढले तेव्हा दोघांनीही माझ्याकडे नाराजीने पाहिले.

तोडगा काढला तो आमच्या व्यवसायातील नेहमीचा. हंगामाशी संबंधित ओळींसाठी 'वसुलीचा महिना' असा स्वतंत्र रकाना केला. तो विक्रेत्या मुलांना दिसतो आणि त्यात कोणाचे काही उघडे पडत नाही. उरलेल्या ओळी एका वेगळ्या, कुलूपबंद रकान्यात ठेवल्या, जो फक्त बाईंच्या लॉगिनला उघडतो. ज्या ओळी खरोखरच पत्ता होत्या त्या पत्त्यातच राहिल्या. ही विभागणी कोणत्याही सूत्राने होण्यासारखी नव्हती. बाई आणि मी एकेक ओळ वाचून ती केली.

त्या वाचनात एक खाते आले, ज्याच्या तिसऱ्या ओळीत लिहिले होते, "बायको आली तर निम्मी सांगणे." बाईंनी ती ओळ वाचली आणि कारण सांगितले नाही. मीही विचारले नाही. पण त्या खात्यातील मोबाइल क्रमांकाकडे माझे लक्ष गेले. हे क्रमांक मुलाने वर्षभरापूर्वी एक मोहीम काढून मिळवले होते: विक्रेत्या मुलांनी घरोघरच्या लँडलाइनवर फोन करायचा आणि मोबाइल क्रमांक विचारून घ्यायचा. दुपारच्या वेळी घरी फोन कोण उचलणार? पुष्कळ खात्यांवर ग्राहकाच्या नावापुढे त्याच्या बायकोचा क्रमांक लागला होता, आणि या खात्यावरही तिचाच होता. म्हणजे नवी प्रणाली सुरू झाली की महिन्याच्या पहिल्या तारखेला पूर्ण रकमेचा उतारा, पैशापर्यंत अचूक, तिच्या हातातील फोनवर जाणार होता.

बाई म्हणाल्या, तो नंबर काढ. मुलगा म्हणाला, मोबाइल क्रमांक सक्तीचा आहे. नियमाने पाहिले तर खाते नवऱ्याचे, क्रमांक दुसऱ्या व्यक्तीचा, म्हणून उतारा तेथे जाऊ नये हेच बरोबर. मी तसेच लिहिले आणि ते खाते अपवादांच्या यादीत घातले. पण तो क्रमांक काढताना मला जे पटत होते ते एवढेच नव्हते. त्या ग्राहकाच्या बायकोला निम्मी रक्कम सांगितली जाते हे मला आता ठाऊक होते, आणि तिला खरी रक्कम कळण्याचा आपसूक आलेला एकमेव मार्ग मी गोपनीयतेच्या नियमाने बंद करत होते. जिथे खोटे बोलण्याची सूचना आणि कायद्याची सूचना एकाच रिकाम्या रकान्याकडे बोट दाखवतात, तिथे आपण नेमके कोणाचे ऐकले हे यादीवरून कोणालाच कळणार नाही. अपवादांच्या यादीत कारणाचा एक रकाना असतो. त्यात मी लिहिले, "क्रमांक खातेदाराचा नाही."

यादीवर मोठ्या मालकांची सही लागत होती. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, त्या नावाशी थोडे थांबले, आणि "याला दुकानात येईल तेव्हा त्याचा नंबर विचारा" एवढे म्हणून सही केली. ३१ मार्चच्या रात्री जुन्या प्रोग्रॅमची बाकी आणि नव्या प्रणालीची बाकी शेवटच्या पैशापर्यंत जुळली, आणि नवे आर्थिक वर्ष नव्या प्रणालीत उघडले. पहिल्या तारखेला उतारे गेले. एका खात्याचा गेला नाही.

बाई आता चवथीनंतर काम सोडणार आहेत. परवा मुलाची रीतसर विनंती आली आहे: त्यांचे लॉगिन त्या तारखेपासून बंद करावे आणि त्या लॉगिनचे सर्व अधिकार मुलाच्या लॉगिनला द्यावेत. तो प्रणालीचा मालक आहे, करारात तसे लिहिले आहे, आणि नाकारायला माझ्याकडे कारण नाही. मी बाईंना फोन करून विचारले, त्या रकान्यात काही बदलायचे राहिले आहे का. त्या म्हणाल्या, बघते, आणि मग बराच वेळ सुपारीच्या दराबद्दल बोलल्या.