आजीचा आवाज आणि ३६ सेकंद

आईने दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाली, “अगं, ही माझी आई नाही. हा कुणा बाप्याचा आवाज आहे.”

टेप आजीचीच होती. १९६८ साली पंचवटीतल्या वाड्यात, ती जात्यावर दळत असताना मामाने भरलेली. मामाचा रेकॉर्डर कधीच भंगारात गेला. आता मामेभावाने अमेरिकेहून येताना जुना स्पूलचा डेक, म्हणजे टेप वाजवायचं यंत्र, आणला, म्हणून हा सगळा खटाटोप.

डेक उघडला तर बेल्टचं डांबर झालेलं. कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुली पुसण्यातच एक संध्याकाळ गेली. हेडवर तपकिरी भुकटीचा थर होता, तोही काढला. टेप दाबून धरणाऱ्या रबरी चाकाला, पिंच रोलरला, मात्र अल्कोहोल लावलं नाही, रबर सुकतं. नवा बेल्ट महात्मा गांधी रोडवर मिळाला. तो ढिला असेल या समजुतीने मी दोन दिवस घालवले. दुसरा आणला, टेप ओढणाऱ्या दांड्याला, कॅपस्टनला, तेल दिलं. आवाज तसाच घोगरा.

मग मोजायला बसले. आजीच्या स्पूलमधून उजेड आरपार दिसतो, म्हणजे टेप ॲसिटेटची. ती ताण पडला की पटकन तुटते. म्हणून प्रयोग कोऱ्या टेपवर. २८५ सेंटिमीटरवर पांढऱ्या पेन्सिलीने दोन खुणा केल्या. सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरच्या वेगाने त्या ३० सेकंदांत जायला हव्यात. ३६ लागले. पुन्हा ३६. तिसऱ्यांदाही ३६!

बेल्ट घसरत असता तर आकडा दर वेळी हलला असता. पाचास सहा हे प्रमाण पाहिलं आणि लख्ख कळलं: अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५०ची. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि ही मोटर हर्ट्झवरच फिरते; ५०वर ती हळू फिरते, टेप हळू जाते आणि आवाज खाली उतरतो. म्हणून आजी पेटीच्या, काळी-पांढरी धरून, तीन पट्ट्या खाली गात होती.

मोटरच्या पुलीला दोन पायऱ्या होत्या, त्या मी पुसतानाच पाहिल्या होत्या! प्लग काढून बेल्ट मोठ्या पायरीवर चढवला, कपॅसिटरची तार ५०च्या खुणेवर नेली. कोरी टेप ३० सेकंदांत गेली.

रात्री आजीची टेप लावली. जात्याची घरघर, बांगड्या, मग ओवी. जातं मधेच थांबतं आणि ती कुणाला तरी हाक मारते.

“मागे घे,” आई म्हणाली. “ती मला बोलावतेय.”